'राउई'ला देवराई म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : प्रशांत महासागरातल्या कूक बेटांमधल्या रारोटोंगावर गावकरी किनाऱ्याचा एखादा पट्टा ठरावीक काळ मासेमारीला बंद ठेवतात. त्याला तिथे 'राउई' म्हणतात. मराठीत 'सागरी देवराई' चालेल का?

मोह पडतो खरा, 'राई' कानाला जवळचीही वाटते. पण तो निव्वळ योगायोग. उच्चार असा : 'रा' म्हणून घशात क्षणभर अडायचं आणि मग 'उई'. न्यूझीलंडच्या माओरीत हाच शब्द 'राहुई' होतो. अर्थही जुळत नाही. देवराई देवाची, कायमची. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. राउई मात्र पुन्हा खुली करायची म्हणूनच घालतात. पूर्वी झाडाला नारळाची झावळी बांधली की खूण पटायची. ही रीत मागे पडली होती, ती 1998 मध्ये रारोटोंगाच्या पारंपरिक प्रमुखांच्या मंडळाने, 'कोउतू नुई'ने, पुन्हा सुरू केली. तिच्या पाठीशी दंडाचा कायदा नव्हता, प्रमुखांचा शब्द होता. शेजारच्या ऐतुताकीवर ट्रोकस नावाच्या मोठ्या शंखांची राउई थोड्या दिवसांसाठी उठते. शंख मापून घेतात : फार लहान तो अजून वाढायचा, फार मोठा तो विणीचा, म्हणून दोन्ही पाण्यात राहतात. ही कल्पना मला फार आवडते.

'अभयारण्य' सरकारी वाटतं. 'मासेमारी बंदी' म्हटलं की आपल्याला 1 जून ते 31 जुलैची शासनाची बंदीच आठवते. हिवरे बाजारची 'चराईबंदी' आणि 'कुऱ्हाडबंदी' अर्थाने खूप जवळची, कारण ती गावाने स्वतःवर घालून घेतली. पण 'बंदी'त नकारच ऐकू येतो.

माझं मत 'राखण'. आपण गवत राखतो ते कापण्यासाठीच, फक्त वेळ आल्यावर. शिवाय कोकणात राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या दैवताला, दरवर्षी 'राखण' म्हणून मान देतात, त्यामुळे पोलिसाविना चालणारा धाक आणि आदर या शब्दात आधीपासून मुरलेला आहे. 'गावाने खाडीचं तोंड राखलं', 'राखण उठली' ही वाक्यं कुणालाही समजावून सांगावी लागणार नाहीत.

महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे म्हणून मासे धरत नाहीत. 'सागरी देवराई' हा शब्द वापरायचाच तर अशा जागांच्या समुद्रातल्या भावंडांसाठी ठेवा. लेखात पहिल्यांदा 'राउई, म्हणजे गावाची राखण' असं लिहा, पुढे नुसती 'राखण' पुरे.