वेबसाइट बनवायला ड्रॅग-ड्रॉप टूल्स असताना एचटीएमएल-सीएसएस हाताने लिहायला शिकावं का?

हो, शिकाच. एचटीएमएल म्हणजे पानाचा सांगाडा आणि सीएसएस म्हणजे त्याचं दिसणं. साधी चार पानांची साइट विक्स किंवा एलिमेंटरसारख्या ड्रॅग-ड्रॉप टूलवर बिनधास्त करा, त्यात काही कमीपणा नाही, पण टूलने आत काय लिहून ठेवलंय ते वाचता आलं पाहिजे. म्हणजे बघा, काही वेळा टूलमधून बटणाच्या जागी नुसता डिव्ह (म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेला डबा) येतो आणि त्याला क्लिक जोडलेलं असतं, दिसायला एकदम बटण, पण टॅब दाबत गेलात तर फोकस (म्हणजे कीबोर्डची निवड) त्याच्यावर येतच नाही आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या माणसाला तिथे बटण आहे हेच कळत नाही, म्हणजे फॉर्म भरून झाला तरी तो पाठवणार कसा? तेच एचटीएमएलचा साधा बटण टॅग लिहिला की फोकस, एंटर, स्पेस सगळं ब्राउझर आपणहून सांभाळतो. मला तरी हे दिसण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

इमेजला विड्थ-हाइट दिली नसेल तर फोटो लोड होताना मजकूर खाली ढकलला जातो, तेही असंच, कोड वाचता आला तरच लक्षात येतं.

आता एआयपण कोड देतं, पण तो बरोबर आहे का हे ठरवायला तुम्हाला यायला हवं ना. ब्राउझरमध्ये पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट (पानाचा कोड दाखवणारी खिडकी) उघडा, सीएसएसच्या ओळी बंद-चालू करून बघा, फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (सीएसएसमधल्या मांडणीच्या पद्धती) पक्कं करा, जावास्क्रिप्ट (पानाला हालतं-बोलतं करणारी भाषा) नंतर.