गोळ्या बंद केल्या तर कान परत येतील का?

"हार्टच्या गोळ्यांनी कान गेले, मॅडम. नऊ दिवस झाले, बंद केल्यात."

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एकसष्ट वर्षांचे चाचा हे शांतपणे सांगत होते आणि मला, ऐकू येण्याची तपासणी करणाऱ्या श्रवणतज्ज्ञाला, धडकी भरली. चार महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने थांबवल्या, तर त्याच स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. कान बाजूला ठेवून मी आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या.

तक्रार त्यांच्या धंद्याचीच होती. तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तार घोडीवर गुंजेल अशी बसवताना, पंचम आणि जोड या तारा नीट लागायच्या, खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, मात्र 'भरत नाही'. तारेखालचा दोरा सरकवून सरकवून ते कंटाळायचे, मुलगा म्हणायचा, "अब्बा, केव्हाच लागलीय."

कानात मळ नव्हता, पडदाही चांगला होता. ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात 250 आणि 500 हर्ट्झला, म्हणजे खालच्या सुरांना, दोन्हीकडे 45 डेसिबलच्या आसपास आवाज वाढवल्यावरच ऐकू येत होतं, वरचे सूर त्यापेक्षा बरे. वयाने कान जातात तेव्हा बहुधा उंच आवाज आधी जातात. इथे उलटं होतं. चाचींना विचारलं, टीव्ही मोठा कधीपासून लावतात? "वर्ष तरी झालं असेल." म्हणजे गोळ्यांच्या आधीपासून.

मग समजावलं. आतल्या कानातल्या शंखाला रक्त देणारी धमनी अगदी बारीक असते आणि ती अडली तर रक्ताला दुसरी वाट नसते. बीपी, साखर, तंबाखू हृदयाच्या नळ्यांचं जे करतात, तेच तिथेही करू शकतात. खर्ज ऐकू येतो शंखाच्या पार टोकाला. "म्हणजे कालव्याच्या टेलला पाणी पोचत नाही, तसं," चाचा म्हणाले. इतक्या वर्षांत मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. त्यांच्या बाबतीत हृदयच कारण आहे असं छातीठोक सांगता येत नाही, हेही सांगितलं आणि बाकीची कारणं तपासायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

ॲस्पिरिनच्या मोठ्या डोसने कानात आवाज येतो, हे खरं आहे. चाचांची गोळी 75 मिलिग्रॅमची. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, गोळी बदलता येते. पण स्वतःहून थांबवू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. आणि एका कानाचं ऐकू येणं एकदम, एक-दोन दिवसांत गेलं तर माझ्याकडे अपॉइंटमेंटसाठी थांबू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठा. तिथे उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो.

चाचांनी तंबाखू सोडली, श्रवणयंत्र घेतलं. संगीतासाठी त्यात वेगळी सेटिंग करून दिली, तरी जवारी लावताना ते यंत्र काढून ठेवतात आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळवा टेकवतात. सहा महिन्यांनी आलेख जवळजवळ तोच निघाला. चाचा खट्टू झाले. मला मात्र हायसं वाटलं, कारण तो आणखी खाली गेला नव्हता.