फळ्या बदलण्याआधी तुळई टोचून बघा

प्रश्न : मागच्या दारी पाच वर्षांपूर्वी लाकडी डेक करून घेतला. दरवर्षी न चुकता वार्निशचे दोन हात देतो. तरी यंदा तीन फळ्या पायाखाली दबायला लागल्यात, शिवाय स्क्रूभोवती काळे डाग पडलेत. नव्याने करताना सागवान वापरा, ते कुजत नाही, असं सगळे सांगतात. तेवढ्याने भागेल का?

उत्तर : नाही भागणार. मी पहिला डेक केला तो स्वतःच्याच घरी, आणि सगळा सागवानाचा. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडले. फळ्या अशा चिकटवून बसवल्या की मध्ये नख शिरू नये, आणि त्याचं मलाच फार कौतुक! सहाव्या वर्षी एक खांब जमिनीलगत मनगटाएवढा उरला. वर ठणठणीत, काँक्रीटच्या पोटातही बराचसा शाबूत; खाल्ला गेला तो मधला वीतभर भाग. बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते, आणि जमिनीच्या तोंडाशी तिला दोन्ही आयतं मिळतं.

शिवाय सागवानातही टिकतो तो गाभा. सालीलगतचं पांढरट लाकूड कुठल्याही झाडाचं असो, उघड्यावर लवकर जातं. माझ्या त्या खांबाला अशी दोन बोटं पट्टी होती. मला ती दिसली होती, पण खांब सरळ होता म्हणून घेतला.

तुमच्या डेकचं म्हणाल तर आधी त्या तीन फळ्या काढा आणि खालच्या तुळयांच्या माथ्यावर, फळी टेकते नेमकं तिथे, टोच्या दाबून बघा. पाऊस फळीवरून वाहून जातो, पण फळी आणि तुळईच्या मधलं पाणी दिवसचे दिवस सुकत नाही. स्क्रूच्या भोकातून ते आणखी खोल उतरतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. म्हणून भिजण्याची चिंता थोडी कमी करा आणि सुकायला वाट ठेवा. तुळईच्या माथ्यावर डांबरी चिकटपट्टी लावा, दोन्ही कडांवरून जराशी खाली येईल एवढी रुंद. वाळलेल्या फळ्यांमध्ये ५ मिलिमीटर फट सोडा. फळी रुंदीत फुगते-आक्रसते, लांबीत जवळजवळ नाहीच. डेकच्या बाजू सौंदर्यासाठी बंद केल्या असतील तर उघडा, खालून वारा खेळू दे.

फळीच्या कापलेल्या टोकाकडे कुणाचं लक्ष नसतं. ते टोक म्हणजे नळ्यांची मोळी. पाणी तिथून आडव्या अंगापेक्षा कितीतरी भराभर शोषलं जातं. प्रत्येक काप त्याच दिवशी टोकाला लावायच्या मेणाने किंवा लाकूड-संरक्षकाने बंद करायचा, संध्याकाळी कितीही कंटाळा आला तरी. खांब धातूच्या बुटात, म्हणजे त्याचा पाय धरणाऱ्या बैठकीत, बसवा, जमिनीपासून चार बोटं वर. फळी २५ मिलिमीटर जाडीची असेल तर तुळयांचं अंतर ४० सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका.

काळे डाग म्हणजे स्क्रूतलं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांची शाई. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या; समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ दर्जाचेच, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतात. तांब्याच्या रसायनाने प्रक्रिया केलेलं लाकूडही साध्या मुलामा दिलेल्या स्क्रूंना खाऊन टाकतं.

आता वार्निश. रागावू नका, पण तुमच्या दोन हातांनी मदत कमी आणि अडचण जास्त केली असावी. लाकूड हलतं, वरचा थर तडकतो, पाणी चिरेतून आत शिरतं आणि त्याच थराखाली अडकून बसतं. आत मुरणारं, थोडा रंग असलेलं तेल लावा. रंगामुळे उन्हाचा मारा कमी होतो. पुन्हा कधी लावायचं ते पाण्याचा थेंब सांगेल : मण्यासारखा उभा राहिला तर थांबा, लगेच शोषला गेला तर लावा. काहीच न लावता लाकूड करडं होऊ दिलंत तरी चालेल. तो रंग फक्त वरवरचा असतो, मला तर तोच आवडतो.

टोच्या तुळईत सहज शिरला तर ती तुळई बदला. टणक लागली, तर नवा डेक कशाला? तीन फळ्या, एक चिकटपट्टीचं रीळ आणि नवे स्क्रू एवढ्यात काम होईल.