दीप्ती नको, स्फुरण म्हणा

प्रश्न असा आहे: दाबल्यावर प्रकाश देणारे जे पदार्थ मेंदूच्या धर्तीवरच्या प्रकाशीय (विजेऐवजी प्रकाशाने चालणाऱ्या) संगणनासाठी अभ्यासले जात आहेत, त्यांना ‘प्रकाशसंवेदी’ म्हणावे की ‘घर्षणदीप्त’?

दोन्ही नको. ‘प्रकाशसंवेदी’ हे तर सरळ उलटे आहे आणि तरी सारखे कानावर येते. हे पदार्थ दाब ओळखतात, प्रकाश सोडतात. ‘घर्षण’ही अपुरे. अंधारात खडीसाखर फोडली की निळसर चमक दिसते, पण तिथे खडा तुटतो. युरोपिअम मिसळलेले स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट मात्र न घासता, न तुटता, नुसत्या दाबाने हिरवे उजळते.

आता ‘दीप्ती’. हिंदी परिभाषेतली संदीप्ती (ल्युमिनेसन्स), प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स) आपल्याकडे काही जण डोळे मिटून वापरतात. दीप् म्हणजे पेटणे, जळणे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आयल्हार्ट वीडेमानने १८८८ मध्ये ‘ल्युमिनेसन्स’ ही संज्ञा घडवली ती नेमकी न तापता निघणाऱ्या प्रकाशासाठी! थंड प्रकाशाला जाळाचे नाव देणे मला मुळीच मान्य नाही. मराठी विश्वकोशाचे ‘अनुस्फुरण’ (फ्लुओरेसन्स) आणि ‘प्रस्फुरण’ (फॉस्फोरेसन्स) हे शब्द कितीतरी नेमके आहेत.

कारण स्फुर् हा संस्कृत क्रियाधातूच विलक्षण आहे. ऋग्वेदात (१.८४.८) विचारले आहे, काही न देणाऱ्या माणसाला इंद्र पायाने अळंबीसारखा कधी उडवील? तिथले क्रियापद ‘स्फुरत्’. म्हणजे लाथ! लॅटिन ‘स्पेर्नेरे’, इंग्रजी ‘स्पर्न’ याच कुळातले. ‘चमकणे’ हा मूळ अर्थ मानणाऱ्या कोशकारांनी ही ऋचा पुन्हा वाचावी. आधी धक्का, मग थरथर (बाहू स्फुरतात), मग चमक, आणि शेवटी मनात उमटणे: कविता स्फुरते.

माझ्या मते या पदार्थांचे कामही याच क्रमाने चालते. स्फटिकातल्या दोषांत इलेक्ट्रॉन अडकून असतात, दाबाने ते सुटतात आणि प्रकाश निघतो. जिथे तो हळूहळू मावळतो, तिथे विझण्याआधी दुसरा दाब आला तर नवा प्रकाश उरलेल्यात मिसळून अधिक तेजस्वी होतो. चेतापेशींच्या सांध्यातही नुकत्याच येऊन गेलेल्या संदेशाचा असाच माग राहतो आणि पुढचा संदेश त्यामुळे जोर धरतो. धक्का, प्रकाश, स्मरण हे सगळे एका धातूत मावते, मग दुसरीकडे कशाला जायचे?

दाबल्यावर निर्माण होणाऱ्या विजेसाठी ‘दाबविद्युत’ हा शब्द रुळलेला आहेच. त्याच्या शेजारी ‘दाबस्फुरण’ ठेवा, आणि पदार्थाला ‘दाबस्फुरक’ म्हणा.