120 व्होल्टचा गिटार अ‍ॅम्प 230 ला लागला, फ्यूज टिकत नाही. दुरुस्त होईल का?

अमेरिकेहून आणलेला 15 वॉटचा सॉलिड-स्टेट (म्हणजे व्हॉल्व्ह नसलेला) अ‍ॅम्प, घाईत कन्व्हर्टरशिवाय घरच्या सॉकेटला लावला, 'फट्' झालं आणि त्यानंतर दोन नवे फ्यूज लागोपाठ उडाले, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक होईल दुरुस्त. पण तिसरा फ्यूज घालू नका, जास्त अँपियरचा तर मुळीच नको.

हे पस्तावून सांगतोय. चुलतभावाने आणलेला तसलाच अ‍ॅम्प मीही थेट लावला होता. फ्यूज बिचारा आपलं काम करून गेला. दुकानं बंद होती, म्हणून मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी त्यावर गुंडाळून तोच परत बसवला. पाच-सहा सेकंद घूंऽऽ आवाज आला, मग जळक्या वार्निशचा वास. पहिल्या चुकीतून वाचलेला ट्रान्सफॉर्मर माझ्या हुशारीने गेला. आई अजून विचारते, 'तो वासाचा डबा कुठंय?'

व्होल्टेज जवळजवळ दुप्पट, शिवाय तिकडचे 60 हर्ट्झ आणि आपले 50. दोन्ही मिळून ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवर ठरल्यापेक्षा 2.3 पट ताण येतो. लोखंड तेवढं पेलत नाही आणि प्रायमरी, म्हणजे मेन्सकडची गुंडाळी, वाट्टेल तेवढा करंट ओढते.

प्लग काढून मागचं कव्हर उघडा. मोठ्या फिल्टर कपॅसिटरची टोपी फुगलीय का बघा, आणि हात लावण्याआधी ते डिस्चार्ज करा. (व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असता तर उघडू नका म्हणालो असतो. तिथे बंद केल्यावरही 400 व्होल्ट बसलेले असू शकतात.) मेन्सच्या दोन वायरींमध्ये निळी किंवा पिवळी चकती दिसली, तर ती एमओव्ही, जास्त व्होल्टेजपासून वाचवणारा भाग. जास्त व्होल्टेजला ती शॉर्ट होते, आणि बरेचदा फ्यूज खाणारी तीच असते. ती बदलून भागलं तर नशीब.

चकती नसेल किंवा ठीक असेल, तर ट्रान्सफॉर्मरकडून बोर्डाला जाणारा कनेक्टर काढा आणि मल्टिमीटरने प्रायमरी मोजा. ओपन (तुटलेली) दाखवली तर टेपखालचा थर्मल फ्यूज गेला असेल. त्याची दोन टोकं थेट जोडून अ‍ॅम्प चालवू नका. रीडिंग बरं असेल तर कनेक्टर काढलेलाच ठेवून, योग्य फ्यूज घालून, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरमधून 110 व्होल्ट द्या. तरीही फ्यूज उडाला तर ट्रान्सफॉर्मर गेला. टिकला तर दोष बोर्डावर: ब्रिज (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर), कपॅसिटर, आउटपुट आयसी, याच क्रमाने बघा. आयसी टीडीए2050 असेल तर त्याची कमाल मर्यादा ±25 व्होल्ट, त्यामुळे तो वाचला असेल याची आशा धरू नका.

माझ्या अ‍ॅम्पमध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला 230 प्रायमरीचा, 15-0-15, 2 अँपियरचा ट्रान्सफॉर्मर बसला. रेक्टिफायरनंतर ±20 च्या आसपास मिळतात, म्हणून कपॅसिटर 35 व्होल्टचे घातले. तुमच्या बोर्डावर एसी व्होल्टेज छापलेलं असेल, तेच धरा. आणि 230 ला फ्यूज निम्म्या अँपियरचा लागतो, हे विसरू नका.

230 चा ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना 60 वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा, एलईडी चालणार नाही. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर लगेच बंद. स्पीकर त्यानंतरच जोडा, तोही आउटपुटला डीसी 100 मिलिव्होल्टच्या आत असेल तरच. प्रायमरीचं रीडिंग आणि आयसीचा नंबर इथे टाका, पुढचं बघू.