व्हिएतनामच्या घरगुती खानावळीत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पतीपत्नी हनोई, ह्वे आणि होई आन असा दहा दिवसांचा प्रवास स्वतःच आखून करणार आहोत. मी पूर्ण शाकाहारी आहे. पती मासे आणि कोंबडी खातात. गोमांस व डुकराचे मांस त्यांनाही चालत नाही. कुटुंबाने चालवलेल्या लहान खानावळींत जेवावे अशी आमची फार इच्छा आहे, परंतु ‘तिथे शाकाहारी म्हणून कितीही सांगा, माशाचे पाणी पडतेच’ असे ओळखीचे लोक म्हणतात. मग दहा दिवस भारतीय हॉटेलेच शोधत फिरायचे का?

उत्तर : ओळखीच्यांनी सांगितले ते खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य करता येणार नाही. लहान अँचोव्ही मासे मिठात मुरवून, बहुधा वर्षभराने, जो तांबूस रस काढतात त्याला नुओक माम म्हणतात. व्हिएतनामी स्वयंपाकघरात तो मिठाच्या बरणीइतकाच हाताशी असतो आणि तो घालणाऱ्या बाईला आपण पदार्थात मासा घातला असे मुळीच वाटत नसते. आपण ‘मांस नको’ म्हटले, की ती मांसाचे तुकडे निमूटपणे बाजूला काढते आणि लसणीवर नाळीची भाजी परतताना सवयीने चमचाभर नुओक माम, किंवा डुकराच्या हाडांच्या अर्काचे तयार मसाल्याचे दाणे, त्यात टाकते. तिच्या मनात लबाडी नसते. आपलाच प्रश्न अपुरा असतो. म्हणून माझा सल्ला असा, की पदार्थ बदलून मागण्याच्या फंदात न पडता खानावळ बदलावी.

हे नीट कळण्यासाठी या खानावळी कशा उभ्या राहिल्या ते थोडे पाहायला हवे. युद्धाच्या आणि त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत धान्य शिधापत्रिकेवर मिळे आणि सरकारी उपाहारगृहांत मांसाचा तुकडाही नसलेला फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा रस्सा, वाढला जाई. अमेरिकेच्या वैमानिकरहित टेहळणी विमानांवरून हनोईच्या लोकांनी त्याचे नाव ‘बिनवैमानिकाचा फो’ असे ठेवले होते. (शाकाहारी वाचकांनी हुरळून जाऊ नये, तो नाइलाज होता.) १९८६ साली ‘डोई मोई’ या नावाने आर्थिक सुधारणा सुरू झाल्या, खासगी धंद्याला मोकळीक मिळाली, आणि घराच्या पुढच्या खोलीत चूल मांडून आजीच्या किंवा आईच्या हातचा एखादाच पदार्थ विकणारी कुटुंबे गल्लोगल्ली दिसू लागली. आजही अशा घरांत खाली धंदा आणि वर बिऱ्हाड असते, दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत पदार्थाचेच नाव असते, आणि सगळा व्यवहार भल्या पहाटेपासून उकळणाऱ्या हाडांच्या रश्श्याच्या एकाच मोठ्या टोपावर चालतो. त्या टोपातून आपल्यासाठी वेगळे काही निघू शकत नाही, आणि टोप रिकामा झाला की भर दुपारीही दार ओढून घेतले जाते. तिथे बसून शाकाहारी फो मागणे म्हणजे त्या बाईला अडचणीत टाकणे होय. ती नाही म्हणण्याच्या संकोचाने काहीतरी करून देईल, आणि ते नेमके आपल्याला नको असलेलेच असेल.

आपल्यासाठी शब्द आहे तो ‘चाय’. बौद्ध परंपरेतील शाकाहाराला व्हिएतनामी भाषेत चाय म्हणतात, आणि ज्या पाटीवर ‘क्वान चाय’ किंवा ‘कम चाय’ लिहिलेले असेल ती खानावळ पूर्णपणे शाकाहारी असते. गंमत अशी, की हनोईकडे चहाला ‘चा’ म्हणतात, त्यामुळे चाय मागितल्यास जेवण आणि चा मागितल्यास चहा, एवढे ध्यानात ठेवावे. या खानावळींत रस्सा मुळा, गाजर, मका, अळंबी यांचा करतात आणि नुओक मामच्या जागी सोयाबीनपासून केलेला पर्याय वापरतात. पाटीवर किंवा यादीत ‘फो बो चाय’, म्हणजे शब्दशः ‘गोमांसाचा शाकाहारी फो’, असे काही वाचून दचकू नये. सोयाबीन आणि अळंबीपासून मांसाच्या आकाराचे, मांसाच्याच नावाचे पदार्थ करण्याची तिथे जुनी हौस आहे. मला स्वतःला हे नकली मांस आवडत नाही. त्यापेक्षा टोमॅटोच्या रसातले टोफू, फणसाची कोशिंबीर आणि साधा भात कितीतरी सरस लागतो.

चांद्र महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला अनेक व्हिएतनामी कुटुंबे चाय पाळतात, तेव्हा एरवी मांसाहारी असलेल्या काही खानावळीही त्या दिवशी शाकाहारी जेवण करतात. प्रवासाच्या तारखा ठरवताना पंचांग पाहून ठेवावे, असे मी गंभीरपणे सुचवतो. ह्वे हे जुन्या राजधानीचे शहर पॅगोडांनी भरलेले असल्यामुळे तिथे शाकाहारी स्वयंपाकाला विशेष प्रतिष्ठा आहे. तिथेच एका पौर्णिमेला मी अशा एका खानावळीत बसलो होतो. दारात पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हाताने ‘चाय’ लिहून टेकवलेले होते. शेजारच्या टेबलावर सहा-सात वर्षांचा नातू वहीत मान घालून अभ्यास करत होता, आणि त्याची आजी बुटक्या स्टुलावर बसून नाळीच्या भाजीचे पोकळ देठ एकेक करून उभे चिरत होती. चिरलेले देठ पाण्यात पडताच त्यांच्या गुंडाळ्या होत. आत जमिनीलगत, दाराकडे तोंड करून, धनदेवतेचा आणि भूमिदेवाचा छोटासा लाल देव्हारा होता, आणि देवापुढे उदबत्तीबरोबर काळ्या कॉफीचा एक कप ठेवलेला होता. माझ्यापुढे नूडल्सचा वाडगा आणि पालेभाज्यांची स्वतंत्र परडी आली. मी पाने अख्खीच वाडग्यात टाकू लागलो तेव्हा आजी उठून आली, माझ्या हातातली तुळशीच्या जातीची डहाळी तिने काढून घेतली, पाने बोटांनी खुडून वाडग्यात टाकली आणि एक शब्दही न बोलता परत आपल्या टोपलीकडे गेली.

आपल्या पतींसाठी हनोईत ‘चा का’ आहे, तो चुकवू नये. हळद लावलेल्या माशाचे तुकडे टेबलावरच्या छोट्या शेगडीवर मूठमूठभर शेपू आणि कांद्याच्या पातीबरोबर परततात, आणि शेवया व शेंगदाणे घालून खातात. हळद, शेपू आणि मासा हे त्रिकूट मराठी जिभेला परके वाटत नाही. जुन्या हनोईतील एका रस्त्याला या पदार्थाचेच नाव आहे. सोबत येणारी कोळंबीची जांभळट चटणी वासाने उग्र असते. ती नको असल्यास लिंबू घातलेला नुओक माम मागावा. होई आन येथे कोंबडीचा हळदीच्या रंगाचा भात, ‘कम गा’, सर्रास मिळतो. मात्र तिथला प्रसिद्ध ‘काव लाउ’ आणि हनोईचा ‘बुन चा’ हे दोन्ही डुकराच्या मांसाचे असतात. बराक ओबामा यांनी २०१६ मध्ये हनोईत खाल्ल्यापासून बुन चा प्रत्येक प्रवाशाच्या यादीवर चढला आहे, पण तो आपण दोघांनीही वगळावा.

दोघांना एकत्र बसायचे असेल तर एक मार्ग उरतो. ‘कम बिन झन’ म्हणजे सर्वसामान्यांचे जेवण देणाऱ्या खानावळीत काचेच्या कपाटात वीसेक परात-पातेली मांडलेली असतात. बोट दाखवावे, भातावर वाढून घ्यावे. पती तिथे सुखाने जेवतील. आपण मात्र तिथे उकडलेली भाजी, साधा भात आणि मीठ-लिंबू यांच्या पलीकडे भरवसा ठेवू नये. माझ्या मते दुपारी चाय खानावळीत दोघांनी आणि संध्याकाळी पतींनी जवळपास कुठेतरी, अशी वाटणी करणे सोयीचे पडेल.

प्रश्न : समुद्रकाठच्या एका लहान खानावळीत आम्ही न मागितलेले शेंगदाणे आणि ओले रुमाल बिलात लावले गेले, आणि मासा तर अपेक्षेच्या दुप्पट किमतीला पडला. परदेशी पाहून आम्हाला लुबाडले, असे समजायचे का?

उत्तर : शेंगदाणे आणि रुमाल यांच्या बाबतीत तसे समजू नये. पाकिटातला ओला रुमाल फोडला की त्याचे दोन-तीन हजार डोंग (डोंग हे तिथले चलन) लागतात, आणि हा नियम स्थानिक गिऱ्हाइकालाही लागू असतो. नको असल्यास पाकीट न फोडता बाजूला ठेवावे, बिलातून ते वगळतात. माशाचे प्रकरण वेगळे आहे. जिवंत मासळीपुढे यादीत आकडा नसून ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढेच लिहिलेले असते आणि भाव किलोवर असतो. भाव आधी विचारावा, आपल्यासमोर वजन करायला लावावे आणि एकूण रक्कम कागदावर लिहून घ्यावी. आपण हे केले नसावे असा माझा अंदाज आहे. तसे असल्यास दुप्पट किंमत ही लुबाडणूक होती की निव्वळ महाग मासा होता, हे आता ठरवता येणार नाही.

बोलताना तिथले लोक हजार गाळून टाकतात, त्यामुळे ‘पन्नास’ म्हणजे पन्नास हजार डोंग, आणि साध्या खानावळीत एका वाडग्याची किंमत साधारण तेवढ्याच्या आसपास असते. खरी चूक नोटांत होते. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळ्या असतात, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचेच चित्र असते, आणि मंद दिव्याखाली एकीच्या जागी दुसरी दिल्यास आपण पंचवीसपट पैसे देऊन बसतो. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

प्रश्न : माझे वय सत्तरीजवळ आहे आणि गुडघे दुखतात. छायाचित्रांत दिसणाऱ्या त्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसावेच लागते का?

उत्तर : नाही. ती स्टुले मुख्यतः पदपथावर असतात. आत बहुतेक ठिकाणी साध्या उंचीची टेबलखुर्ची असते. काहीच नसेल तर दोन स्टुले एकावर एक ठेवून बसावे. तिथले लोकही तसे करतात, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

प्रश्न : मालकिणीला हाक कशी मारावी? टीप ठेवावी का? आणि जेवण आवडले हे भाषा न येता कसे सांगावे?

उत्तर : व्हिएतनामी माणूस समोरच्याला नात्यानेच संबोधतो, त्यामुळे मराठी माणसाला ही रीत लगेच जमते. आपल्याहून थोडी मोठी स्त्री असेल तर ‘ची ओय’, म्हणजे ताई. आईच्या वयाची असेल तर ‘को ओय’, आणि को हा शब्द मूळचा आत्येसाठी आहे. वाढणारी मुले आपल्याहून लहान असतील तर ‘एम ओय’. पांढऱ्या केसांच्या बाईला एम म्हणू नये. हाक मोठ्याने मारणे असभ्य समजले जात नाही. उलट संकोचून हळूच हात वर करणाऱ्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. टीपेची प्रथा नाही, आणि ठेवलेले सुटे पैसे आपण विसरलात असे समजून परत करण्यासाठी कोणी आपल्यामागे धावत येण्याची शक्यताच अधिक. सकाळी दुकान उघडताच पहिले गिऱ्हाईक आपण असाल तर भाव विचारून, नाक मुरडून उठू नये. भवानीवर दिवसाचा धंदा अवलंबून असतो ही समजूत तिथेही पक्की आहे. चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवू नयेत, कारण त्या मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारख्या दिसतात.

आणि चव आवडली हे सांगण्यासाठी एकच शब्द पुरतो : ‘ङॉन’. शाळेत क, ख, ग, घ यांच्यामागे घोकलेला आणि मराठीत कोणत्याही शब्दाच्या आरंभी कधी न आलेला तो ङ इथे शब्दाच्या अगदी तोंडाशी येतो. इतर परदेशी पाहुणे त्याचा ‘न’ करतात. आपल्याला वर्णमाला पाठ असल्याने तो नीट उच्चारता यावा, आणि तसा उच्चारला की चुलीजवळची बाई हमखास वळून पाहते.