लाइफ कोच लावावा का, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडील आणि चुलते यांचं मिळून मशीन शॉप, कॉलेज संपल्यापासून तुम्ही तिथंच. कामात मन लागत नाही, स्वतःचं काहीतरी सुरू करावंसं वाटतं पण ठरत नाही. हिशेबावरून चुलत्यांशी कुरबुर चालू आहे. गेले काही महिने पहाटे तीनला जाग येते ती येतेच. त्यात रविवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये लाइफ कोचचा मोफत सेमिनार ऐकलात. सहा महिन्यांचा कार्यक्रम ६० हजारांचा, पण 'आज रात्री बारापर्यंत' ३५ हजार. घ्यावा का?

पहिली गोष्ट, बारा वाजून गेलेत. फोन करून बघा, ३५ हजारांचा भाव अजून चालू असेल.

माझं मत सांगते. तुम्ही एका दमात तीन दुखणी लिहिलीत आणि त्यांची दारं वेगवेगळी आहेत. झोपेचं डॉक्टरकडं, हिशेबाचं सीएकडं, आणि 'ठरत नाही' एवढंच काय ते कोचकडं. तिन्ही एकाच माणसाच्या गळ्यात घातलीत तर पैसे जातील आणि सहा महिन्यांनी दोन दुखणी होती तिथंच असतील.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, एचआर बघते. काही वर्षांपूर्वी कंपनीनं आम्हा काही जणांना कोच लावून दिला. आता इतरांसाठी ती व्यवस्था माझ्याकडं असते. त्यामुळं खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार पाहिलाय.

माझी कोच पुण्याची, भेटी व्हिडिओ कॉलवर. आमच्या कॉन्फरन्स रूमला लागूनच फेटलिंग (ओतीव माल घासून साफ करायचा विभाग), ग्राइंडर सुरू झाले की मला म्यूट करावं लागायचं. पहिल्या तासाला मी तक्रारींचा पाढा वाचला. मालक रात्री दहाला फोन करतात, प्रॉडक्शनवाले परस्पर माणसं हलवतात, कंत्राटदार हजेरी वेळेत देत नाही. मला वाटलं, आता ही काहीतरी युक्ती सांगेल. तिनं विचारलं, "यातलं कुठलं मालकांना तोंडावर सांगितलंय?" एकही नाही. 'का नाही' विचारेल म्हणून मी कारणं जुळवून ठेवली, तर तेही विचारलं नाही. म्हणाली, "पुढच्या शुक्रवारच्या आत एक सांगाल? कुठलं? कधी? आणि पहिलं वाक्य काय असेल, आत्ता म्हणून दाखवा." ते वाक्य तिनं माझ्याकडून परत परत म्हणवून घेतलं, कारण दर वेळी ते 'साहेब, राग येणार नसेल तर' इथूनच सुरू व्हायचं. शेवटी ते 'साहेब, रात्री नऊनंतर मी फोन घेणार नाही' इथवर आलं.

मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर मी ते बोलले. साहेबांनी चहा मागवला, थोडं गप्प बसले, आणि रात्रीचे फोन बरेचसे थांबले. कंत्राटदाराची हजेरी आजही उशिराच येते.

चांगलं कोचिंग म्हणजे साधारण एवढंच. आपल्याला माहीत असलेलं पण राहून गेलेलं काम आपल्याकडून करवून घेणं. लोक म्हणतात, मग आपल्या तालमीतल्या वस्तादासारखंच की. तसं नाही. वस्ताद डाव सांगतो, चुकला तर ओरडतो, आणि त्यानं स्वतः मैदान मारलेलं असतं. माझ्या कोचनं भट्टी लांबूनही पाहिलेली नव्हती, आणि तिनं मला काय करावं हे एकदाही सांगितलं नाही. सुरुवातीला याचा रागच यायचा. तेव्हा धंद्यातली माहिती हवी असेल, म्हणजे जॉबवर्क सोडून स्वतःचं प्रॉडक्ट काढावं का, मशीन कर्जावर घ्यावं का, तर त्याला धंद्यातलाच माणूस पाहिजे. भावकीतून बाहेर पडून स्वतःच्या दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) टाकलेला कुणीतरी तुमच्या गल्लीत असेलच. त्याला मिसळ खायला घेऊन जा आणि बिल तुम्ही द्या.

आता झोप. हे मी सगळ्यात आधी का धरते ते सांगते. आमच्याकडच्या एका सुपरवायझरला 'अॅटिट्यूड सुधारा' म्हणून कोचिंगला पाठवलं होतं. दुसऱ्या भेटीनंतर कोचनं त्याच्या परवानगीनं मला एवढंच कळवलं, याला आधी डॉक्टरांकडं न्या. जेवणाचा डबा अर्धा परत जायचा, पहाटेच जाग यायची, माणसांवर खेकसायचा. पण मला खरं कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. त्याच्या पेठेच्या टीमची शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच होती आणि हा घरात पडून होता. पेठेतला माणूस मॅच सोडतो म्हटल्यावर तो आळस नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं सुरू झाली, काही महिन्यांत माणूस ताळ्यावर आला, आणि 'अॅटिट्यूड'चा विषय पुन्हा कुणी काढला नाही. ज्या कोचनं त्याला सोडून दिलं, तिलाच मी पुढं काम देत राहिले.

दोन आठवड्यांच्या वर मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं असं काही असेल, तर नैराश्य आहे का हे तपासून घ्यायचं असतं. 'कामात मन लागत नाही' आणि 'पहाटे तीनला जाग' या तुमच्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. कदाचित काही निघणार नाही. थायरॉइड किंवा बी-१२ निघेल, तेही फॅमिली डॉक्टर एका रक्ततपासणीत बघतील. त्यांनी पुढं जायला सांगितलं तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. कुणी ओळखीचं भेटेल म्हणून ओपीडीच्या रांगेत उभं राहायला नको वाटत असेल (कोल्हापुरात कुणीतरी भेटतंच), तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलतात. आणि जगणंच नको असा विचार कधी डोकावत असेल तर आजच फोन करा, वाट बघू नका.

हिशेबाबद्दल एक प्रश्न विचारते, कारण तुम्ही ते लिहिलंच नाही. तुम्ही फर्ममध्ये भागीदार आहात की महिन्याला घरखर्चाला मिळतात तेवढे घेता? भागीदारी पत्रात तुमचं नाव असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणं, पत्रात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, वह्या बघण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी चुलत्यांचा मूड सांभाळायला नको. नाव नसेल तर चुलत्यांशी भांडून उपयोग नाही, बोलणं आधी वडिलांशी करायला हवं. उद्यमनगरात कितीतरी पोरं पंधरा पंधरा वर्षं 'आपलाच धंदा' म्हणून राबतात आणि कागदावर कुठंच नसतात. हे एकदा कळलं की तुमचं 'ठरत नाही' निम्मं आपोआप ठरेल, असा माझा अंदाज आहे. त्याला कोच लागत नाही, सीएकडं एक संध्याकाळ लागते.

एवढं करून जे उरेल ते कोचचं. त्याच्या आधी एक वाक्य लिहून बघा: सहा महिन्यांनी काय वेगळं दिसलं पाहिजे? ते शेजारच्या माणसालाही दिसेल असं हवं. 'आत्मविश्वास वाढावा' हे नाही चालणार. 'शनिवार पूर्ण स्वतःच्या कामाला, आणि दिवाळीच्या आत पहिलं गिऱ्हाईक' हे चालेल. 'चुलत्यांनी मला मान द्यावा' हेही बाद, कारण चुलते कोचिंग घेत नाहीयेत. कोच फार तर तुमचं त्यांच्यासमोरचं बोलणं सुधारेल. वाक्य लिहिताच येत नसेल तर एखादी भेट ते वाक्य शोधण्यात घालवायला हरकत नाही, पण सहा महिन्यांचे पैसे आधी भरू नका.

हेच काम मित्र करू शकणार नाही का, असं तुम्ही विचाराल. करेल, जमलं तर उत्तमच. दर शुक्रवारी फोन करून 'ठरलं होतं ते केलंस का' एवढं विचारणारा मित्र मिळाला तर महिनाभर त्याच्यावर भागवून बघा. माझा अनुभव असा की मित्र आपली बाजू घेतात. रंकाळ्यावर बसलं की चुलत्यांचा उद्धार होतो, मन हलकं होतं, आणि मन हलकं झालं की काम परत राहतं. कोचला तुमच्या बाजूनं बोलायचं नसतं आणि चुलत्यांच्याही नाही. त्याच्या फीमधलं मला पटलेलं मोल हेच आहे.

फी कुणाला द्यायची हा मात्र जरा घाणेरडा विषय आहे. आपल्या देशात लाइफ कोच म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही. उद्या मी महाद्वार रोडला बोर्ड लावला तर मला कुणी अडवणार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, मानसोपचारतज्ज्ञ तर डॉक्टरच असतात. कोचसाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं आहेत, पण ती ज्याच्या त्याच्या खुशीची. त्यातल्या एसीसी या पहिल्या पायरीला ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, पुढच्या पीसीसीला १२५ आणि ५००, सगळ्यात वरच्या एमसीसीला २०० आणि २५००. नाव खरं आहे का ते त्यांच्या साइटवर सापडतं. प्रमाणपत्र आहे म्हणजे माणूस चांगलाच असं नाही, पण शनिवार-रविवारच्या शिबिरातून 'मास्टर' होऊन आलेल्यांची चाळण होते. 'विश्वाकडं मागा, मिळेल' म्हणणाऱ्यांना तर मी दारातूनच नमस्कार करते.

तुमच्यासारख्या सेमिनारला मीही बसलेय. डोळे मिटायला लावतात, मागं बासरी, आईवडिलांचा थकलेला चेहरा डोळ्यांसमोर आणा म्हणतात. अर्धा हॉल रडतो. मग लाइट लागतात आणि पडद्यावर क्यूआर कोड. रडू खरं असतं, त्याबद्दल मी कुणाला हसणार नाही, पण डोळे पुसता पुसता ३५ हजारांचा निर्णय घ्यायचा नसतो. 'बारापर्यंतच' वगैरेंचं म्हणाल, तर ऑनलाइन विक्रीत अशी खोटी घाई करणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या प्रकारांच्या यादीत पहिलंच घातलंय. चांगल्या कोचकडं ही घाई नसते, उलट पहिली ओळखीची भेट बहुतेक जण फुकट देतात.

त्या भेटीत विचारायचं ते स्पष्ट विचारा. ३५ हजारांत एकट्या माझ्यासाठीचे तास किती? ते स्टेजवरचे सर स्वतः घेणार की त्यांची टीम? दीडशे माणसांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि रविवारचं झूम म्हणजे क्लास झाला. क्लास वाईट नाही, पण मग भावही क्लासचा द्या. मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का, लेखी? मी सांगितलेलं कुठं वापरणार? तुमच्या रडण्याचा व्हिडिओ उद्या त्यांच्या जाहिरातीत नको. आणि माझी कुठली अडचण तुम्ही घेणार नाही? या शेवटच्या प्रश्नाला 'आम्ही सगळंच घेतो' असं उत्तर आलं की चहा संपवून उठा.

'नो-कॉस्ट ईएमआय' म्हणत असतील तर तो हप्ता बहुतेक फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो. तुम्ही दुसऱ्या महिन्यात कार्यक्रम सोडलात तरी हप्ते तुमच्या खात्यातून जात राहतील, आणि चुकले तर सिबिल, म्हणजे बँका बघतात ती कर्जफेडीची पत, तुमचंच बिघडेल. पुढं मशीनसाठी बँकेत जायचंय तुम्हाला.

रविवारी हॉलमध्ये टोकन म्हणून काही भरून बसला असाल तर पावती आणि सगळे मेसेज जपून ठेवा, आणि पैसे परत हवेत हे आजच लेखी कळवा. फोनवर कळवू नका, फोनवर ते परत बासरी लावतील. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५.